चैत्राची केस स्टडी

१० नोव्हेंबर, सोम.
इंटर्नशिपचा तिसरा आठवडा. आठवी ब, जर्मन, पाचवा तास. वय बेचाळीस आणि छातीवर 'ट्रेनी टीचर' असा बिल्ला. शाळेतून निघाले की आधी तो काढून पर्समध्ये टाकते. जयलक्ष्मीपुरमला ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच, आणि बी.एड. या वयात का, हे पुन्हा सांगायचा कंटाळा येतो.
आजचा पाठ: माझं कुटुंब. प्रत्येकाने जर्मनमध्ये तीन वाक्यं. आई डॉक्टर, बाबा इंजिनिअर, धडाधड झालं. शेवटून दुसऱ्या बाकावरची चैत्रा उभी राहिली आणि उभीच राहिली. लेखी परीक्षेत वर्गात पहिली, पण तोंड म्हणून उघडत नाही. 'बस' म्हणायला मी फार वेळ लावला. पाठटाचणात मीच लिहिलं होतं ना, प्रतिसादासाठी पुरेसा अवधी द्यावा!

१२ नोव्हें.
दुपारी कॉलेज. माझ्या गाइड हेमलता मॅडम इंग्रजीच्या. जर्मन शिकवायचं कसं हे शिकवणारं कॉलेजात कुणीच नाही, त्यामुळे त्या माझं फळ्यावरचं अक्षर आणि आवाज तेवढा तपासतात. आज केस स्टडीची आठवण केली. एक विद्यार्थी निवडायचा, घर, अभ्यास, स्वभाव, अडचणी, पंधरा पानं, शाळेच्या मुख्याध्यापिकेची सही, १ डिसेंबरला फाइल हातात हवी. बॅचमधल्या पोरी मागच्या वर्षीच्या फायली 'बघून' लिहिणार आहेत. मी तसलं काही करायची नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
शाळा सुटल्यावर फाटकाशी चैत्रा फोनवर. "आई, बस चुकली की. बर्तिनी, येतेच. घाबरू नको."
मराठी! मी थांबलेच. ती ओशाळली. मग: "मिस, तुमी मराठी? अय्यो! नम्म घरात पण मराठीच. पणजोबाच्या टायमापासनं इथेच आमी." वडील शिंपी, सरस्वतीपुरमला दुकान. माझं मराठी ऐकून हसली. "तुमचं टीव्हीतल्यासारखं आहे, मिस."
अकरा वर्षं या कानडी गावात राहून मराठी बोलायला मिळालं की मी अशी वितळते. केस स्टडी हिचीच करायची.

१८ नोव्हें., मंगळ.
आता ती डबा खाऊन दहा मिनिटं माझ्याजवळ येऊन बसते. आधी मराठी, मग नकळत जर्मन. अडखळत, पण बोलते! मला आनंद झाला, तो पहिल्या पगाराला झाला होता तसला.
आज तिची स्कूल डायरी चाळत होते. रोजच्या गृहपाठाखाली वडिलांची सही, मोठी, शेवटी झोकदार वळण. म्हटलं, "बाबांची सही झकास आहे गं."
ती खाली बघून म्हणाली, "ती मी घालते, मिस."
तिचे अप्पा मे महिन्याच्या सुट्टीत गेले. हार्ट. जूनमध्ये नवीन वर्ग, नवीन वर्गशिक्षिका. शाळेत तिने कुणालाच सांगितलेलं नाही. आईला वाटतं, शाळेला माहीत आहे. "कळलं की सगळे असं बघतात," म्हणाली, आणि मान तिरकी करून ते बघणं करून दाखवलं. "गल्लीत सगळे तसंच बघतात, देवळात पण. शाळेत तरी अप्पा असू देत की. कुणाला सांगू नकात, मिस."
मी म्हटलं, नाही सांगणार.

२३ नोव्हें., रवि.
दिवसभर केस स्टडी. तिचं नाव 'कु. क'. शाळेचं नाव नाही. पण ती गप्प का, याचं उत्तर सहीच्या गोष्टीशिवाय देताच येत नाही. दोनदा वगळून पाहिलं, पंधरा पानं पोकळ झाली. मग लिहिली. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं स्वतःला समजावलं. शिवाय वाचतंय कोण? परीक्षक पानं मोजतात.
नवऱ्याने, नितीनने, सहीच्या गोष्टीचं सातवं पान वाचलं. "जबरदस्त झालंय गं." खोटं कशाला बोलू, मलाही जबरदस्तच वाटलं. चहा जास्तीचा घेतला.

२६ नोव्हें.
फाइल सहीसाठी शाळेच्या ऑफिसात दिली. मुख्याध्यापिका रोज ढीगभर कागदांवर न बघता सह्या करतात, असं क्लार्क म्हणाला.

२८ नोव्हें., शुक्र.
त्यांनी वाचली. अथपासून इतिपर्यंत.
केबिनमध्ये बोलावलं. डोळे ओले होते. आठवी ब, जर्मन, शिंप्याची मुलगी. 'कु. क' ओळखायला कितीसा वेळ लागणार? "आमच्या शाळेतली मुलगी, आणि आम्हाला गोत्तिल्ला, माहीतच नाही! सहा महिने ती एकटी सोसतेय!" मी म्हटलं, मॅडम, प्लीज, तिने मला विश्वासाने सांगितलंय, कुठे बोलू नका. त्यांनी माझा हात थोपटला. "पर्वागिल्ला, काळजी नको. सह्यांबद्दल तिला कुणीही रागावणार नाही, शब्द देते."
मला हायसं वाटलं. मूर्ख बाई. ती रागावण्याला घाबरत नव्हतीच.

१ डिसेंबर, सोम.
प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकेने सबंध शाळेसमोर तिच्या अप्पांचं नाव घेतलं. दोन मिनिटं मौन. हजारभर पोरं माना खाली घालून उभी, आणि मग एकेक मान तिच्याकडे वळत गेली. तिने त्या मंगळवारी मान तिरकी करून दाखवलं होतं ना. अगदी तसंच बघणं. वर्गशिक्षिकेने तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. रजिस्टरमध्ये वडिलांच्या नावाआधी 'कै.' लागलं. सह्यांचा कुणी उल्लेखही केला नाही. सगळे इतके चांगले वागले की कुणावर चिडायची सोय नाही.
ती माझ्याकडे एकदाच बघून गेली. रडली नाही.
फाइल कॉलेजात जमा. सहीसकट.

२ डिसें.
जिन्यात दिसली. म्हटलं, "चैत्रा, दोन मिनिटं बोलू या?" तिने इंग्रजीत 'गुड मॉर्निंग, मॅम' म्हटलं आणि पुढे गेली. 'मिस' नाही, मॅम. पाचव्या तासाला वर्गात नव्हती. लायब्ररीत बसायची खास परवानगी मिळाली आहे.
मी शब्द मोडला. मुख्याध्यापिकेने नाही, मी. हे इथे तरी स्पष्ट लिहून ठेवते.

३ डिसें., बुध.
हेमलता मॅडम खूश. "नोडी, बघा, अशी केस स्टडी माझ्या नोकरीत बघितली नाही." शुक्रवारी पहिल्या वर्षाच्या मुलींना वाचून दाखवणार आहेत. नमुना म्हणून. एक क्षण छाती फुगली. खरंच फुगली. नंतर जी शरम वाटली ती कुठे ठेवू कळेना.
फाइल परत मागितली. "का? नाव कुठाय त्यात?" म्हटलं, मॅडम, नाव नसूनही ती सापडली. त्यांना पटलं नाही. पण बाई भल्या. फाइल पुढे सरकवली आणि सांगितलं: बुधवार, दहा तारखेपर्यंत दुसरी केस स्टडी हवी. नाही आली तर इंटर्नशिप अपुरी धरणार, आणि मग पुढच्या बॅचबरोबर. म्हणजे आणखी एक वर्ष बिल्ला.
घेतली. धैर्य वगैरे काही नाही.

५ डिसें., शुक्र.
अप्पांच्या दुकानात गेले. आई मशीनवर. तिला वाटलं ब्लाउज घेऊन आले आहे. कोण ते सांगितल्यावर उठली, स्टूल पुसून दिलं, कॉफी मागवली. चिडली असती तर बरं झालं असतं.
सगळं सांगितलं. चैत्रा सांगू नको म्हणाली होती, तरी मी लिहिलं, हेसुद्धा न वगळता.
मशीनवरचा कपडा तिने घडी करून ठेवला. मग: "शाळेतनं फोन आला, सगळे पाप पाप, बिचारी बिचारी म्हणत होते, मला कळेचना आता कशाला. मग डायरी काढून बघितले मी, तर ह्यांची सही. हुबेहूब की ओ. मीच फसले असते."
मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला कशाला मागता? माझं काय नेलात तुमी?" रागाने नाही. खरंच विचारत होती.
मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. जर्मन सोडून हिंदी घ्यायचा अर्ज. एरवी वर्षाच्या मध्ये भाषा बदलू देत नाहीत, 'या परिस्थितीत' देणार आहेत. चैत्राने सगळं भरलंय, पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी. "तीन दिवस झाले, ती काय बोलत नाही. तुमीच सांगा टीचर, घालू की नको?"
नको म्हणायचं होतं. इतकी चांगली जर्मन, माझ्यापायी सोडू नको. जिभेवर आलं होतं. पण या घरात आता माझ्या मताने काही व्हावं, एवढा हक्क मी ठेवलेला नाही. म्हटलं, "ताई, तिला विचारा. ती म्हणेल तसं."
"तेच तर बोलत नाही ना," आई म्हणाली आणि कागद परत आत ठेवला.
बसस्टॉपवर दोन बस जाऊ दिल्या. भर रस्त्यात रडायची मला सवय नाही.

७ डिसें., रवि.
जुनी फाइल फाडली. नितीन म्हणाला, निदान सातवं पान तरी ठेव. नाही ठेवलं.
नवीन विद्यार्थी कोण? यादी समोर घेऊन बसले. प्रत्येक नावापाशी वाटतं, याचंही काहीतरी असेल. एक शब्द लिहून झाला नाही.

८ डिसें., सोम.
मधली सुट्टी. स्टाफरूममध्ये एकटी, पुढ्यात केस स्टडीचा कोरा फॉर्म. पहिली ओळ: विद्यार्थ्याचे नाव. दारात चैत्रा. आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी.
"आई म्हणाली, तुमी ती फाइल परत घेतला."
"हो. फाडली."
"मग आता दुसऱ्या कुणाचं लिहिणार?"
मराठीत बोलत होती. मी इतकी गडबडले की नुसती मान हलवली. म्हटलं, चैत्रा, मी चुकले. खूप चुकले. तिने ते ऐकलं, पण ठीक आहे वगैरे काही म्हणाली नाही. का म्हणावं?
"त्याला आधी विचारा," म्हणाली. "लिहून झाल्यावर नको. आधी."
घंटा झाली आणि ती गेली. बी.एड.च्या दोन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची वेळ तेरा वर्षांच्या मुलीवर मी आणली.
अर्जावर सही झाली का, ते विचारायचं धाडस झालं नाही. फॉर्म कोराच घेऊन घरी आले. परवा शेवटची तारीख. उद्या पाचव्या तासाला जर्मन आणि हिंदी एकाच वेळी, समोरासमोरच्या वर्गांत. ती कुठल्या दारातून आत जाते, ते उद्या कळेल.