दुसऱ्या दिवसाचं शूटिंग

४ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

घरात युद्ध पेटलंय, आणि तेही एका डबड्यावरून. दादाने त्याच्या टीव्हीच्या दुकानातून डिस्क प्लेयर आणलाय, पंधरा दिवस वापरून बघा म्हणून. आपल्या सगळ्या व्हिडिओ कॅसेट दुकानात डिस्कवर उतरवून देतो म्हणतो. त्यांना बुरशी धरायला लागली आहे. बाबांचं म्हणणं, चालत्या गाडीचं इंजिन उघडू नये. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना दुसरं काय सुचणार! असा शांत मास्तर शोधून सापडणार नाही, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

आईचं मत कुणी विचारलेलं नाही. काय उतरवायचं ते मी बघून सांगायचं आहे, म्हणून एकेक कॅसेट लावून बसते. तू अचानक आली होतीस त्या दिवशी तू केकचा दुसरा तुकडा नको नको म्हणत तिसरासुद्धा उचललास, ते स्पष्ट दिसतंय. आता नाकबूल करून दाखव.

आई बरी आहे. जिन्यावरून पडल्यामुळे मनगट दुखावलंय, म्हणून ती लिहीत नाही. असंच लिही, असं तिने सांगितलंय.

लोभ आहेच, तो बुरशी न धरता टिकावा.
तुझी खारी


११ मार्च

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

केकचा आरोप अमान्य. तो तुकडा तुझ्या काकांचा होता आणि त्यांना साखर वर्ज्य आहे. मी पुण्यच केलं.

पण पोरी, तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला पडायला जिना मिळतो कुठून? मागे तुझ्या आईचा दात पडला, तेव्हाही जिनाच होता. तुला अक्षरं आईने शिकवली, शाळेत जायच्या आधी, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसवून. खोटं लिहायला तिने शिकवलेलं नाही, म्हणूनच तुला तिचं नाव पुढे करावं लागलं. आता तुझं तू लिही. पत्र दादाच्या हाती टाकायला दे.

काका तुझी आठवण काढतात. आमचा जीव तुमच्यात अडकलाय, एवढं ध्यानात असू दे.
तुझी मावशी


१७ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

न्हाणीघरात कडी लावून लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

जिना नाही. बाबा आहेत.

आमच्या घरची एक रीत आहे. बाबांनी मारलं, की दुसऱ्या दिवशी ते केक आणतात, कॅमेरा स्टँडवर लावतात आणि आम्हाला कोचावर बसवतात. सगळे हसले, की बाबा मान हलवतात. मग मी लाल बटण दाबायचं आणि पळत जाऊन बसायचं. म्हणून आमच्याकडे एवढ्या कॅसेट आहेत. तू आलीस तेव्हा दादाने दिवसभर टोपी काढली नाही, आठवतं? आदल्या दिवशी त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं.

कॅसेट मध्येच थांबवली की पडद्यावर पट्टे धावतात, चेहरे विस्कटतात. काल दादाने पहिली डिस्क लावली आणि सहज पॉज केली. चित्र जागच्या जागी उभं राहिलं. आईचा फाटलेला ओठ, आणि हसण्याआधीचे तिचे डोळे.

बाबा उठले आणि गाडीतून जॅकचा दांडा घेऊन आले. पहिला घाव प्लेयरवर. दादाने वाचवायला हात घातला, दुसरा घाव त्या हातावर. बोटं मोडल्याचा आवाज प्लेयरच्या आवाजापेक्षा बारीक होता, तरी मला तोच ऐकू आला. आई मध्ये पडली. तिचे केस धरून बाबांनी तिचं तोंड काळ्या पडद्यावर आपटलं. बघ, बघ, असं ओरडत परत परत आपटलं. काच पुसायला मलाच सांगितलं.

मी आईला तुझ्याकडे जाऊ या म्हटलं. ती म्हणते, कशाच्या जोरावर जायचं? उद्या बाबा न्यायला आले, तर आपलं कोण खरं मानणार? प्रत्येक कॅसेटमध्ये आपण हसतोय.

बाबा केक आणायला गेलेत. मला पुन्हा बटण दाबायचंय.

आमच्यावर लोभ ठेव, आज जरा जास्तच.
तुझी खारी


२१ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई जिवंत आहे, हे आधी सांगते.

बाबांनी हसायला सांगितलं. दादा पाठीमागे हात लपवून हसला. आई हसली नाही. बाबांनी पुन्हा सांगितलं, विद्यार्थ्याला क्लच समजावतात त्याच मऊ आवाजात. सगळे हसल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम मी आजवर कधी मोडला नव्हता. आई कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी दाबलं.

बाबांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी केकची सुरी व्यवस्थित बाजूला ठेवली आणि आईला मुठीने मारलं. गालावर, कानावर. ती पडल्यावर बुटाने बरगड्यांत. दादाने त्यांना मागून मिठी घातली, दोघे टेबलासकट कोसळले. शेजारी दार ढकलून आत येईपर्यंत मी स्टँड धरून उभी होते. सोडला असता तर चित्र हललं असतं. दवाखान्यात मी आईचे पाय धरून याची माफी मागितली. तिने एवढंच विचारलं, की हललं नाही ना?

चौकीत साहेबांनी कॅसेट थांबवून बघितली, तर पट्टेच. दादाने एका हाताने दुकानात तिची डिस्क केली. ती थांबवल्यावर साहेबांनी उठून खोलीचं दार लावलं. बाबांना आत ठेवलंय.

कॅसेटचा निकाल शेवटी आईनेच लावला. म्हणाली, आजवर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचंच शूटिंग झालं, त्याच दिवसाचं हे पहिलं. ही एक डिस्क जपा. बाकीच्यांना बुरशी खाऊ दे.

गुरुवारच्या बसने आम्ही तिघं येतोय. पत्रातला लोभ पुष्कळ झाला, आता दार उघडं ठेव.
तुझी खारी

ता. क. तुझ्याकडे मात्र खरोखरचा जिना आहे, तेव्हा चढायला वेळ लागेल, वरून हाका मारू नकोस. असंच लिही, असं आईने सांगितलंय.