अनिमाचे हातमोजे

कलकत्ता, २ जुलै १९७४
ह्यांना कावीळ. डॉक्टर म्हणाले, संसर्गाची आहे, बेडपॅन उचलणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. बेहाला भागातली अनिमा नर्स म्हणून ठेवली. गोड मुलगी. मला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणते. तिच्यासाठी डझनभर मोज्यांचं पाकीट आणलं. ह्यांच्या ऑफिसची मेडिकल स्कीम आहेच.

४ जुलै
ऑफिसातले घोषालबाबू फोनवर म्हणाले, औषधांचे पैसे मिळतील, नर्सच्या वापरातल्या वस्तू नियमात बसत नाहीत. अर्ज करून बघा. करणारच! प्रश्न तत्त्वाचा आहे. निकाल लागेपर्यंत पाकीट फोडायचं नाही. फोडलेली वस्तू कोण मंजूर करील? अनिमाला म्हटलं, दोन दिवस थांब.

५ जुलै, दुपार
अर्ज झाला. चार पानं, इंग्रजीत. कॉन्व्हेंटमध्ये मदर बर्नाडेट माझी पत्रं वर्गात वाचून दाखवायच्या. ती निळी शाई, ते शांत वर्ग. डोळे भरून आले. ‘हंबली’ तीनदा आलं होतं, एक खोडलं.

११ जुलै
उत्तर नाही. अनिमा म्हणाली, माशीमा, दोन दिवस झाले ना? मी म्हटलं, तुझ्यासाठीच भांडतेय गं. ती हसून म्हणाली, तुम्ही भांडा, मी हात धुते. तिला नवा साबण दिला. मी काही निष्ठुर नाही.

२० जुलै
अर्ज फेटाळला. अपील लिहिलं, सहा पानं. ह्यांनी अंथरुणातून विचारलं, त्या पोरीला मोजे दिलेस की नाही? म्हटलं, तुम्ही विश्रांती घ्या. उद्या नक्की देणार.

२१ जुलै
अपील चालू असताना कसे देणार?

६ ऑगस्ट
हे आता व्हरांड्यात बसतात. अनिमा तीन दिवस आली नाही. तिच्या भावाचा निरोप आला: डोळे पिवळे झालेत.
ट्राममध्येही लागण होते म्हणे. ट्राममध्येच झाली असणार.

९ ऑगस्ट
अपील मंजूर! साहेबांनी माझं इंग्रजी दोनदा वाचलं म्हणे. घोषालबाबूंना सहज विचारलं, पाकीट फोडलेलं असतं तर? ते म्हणाले, वहिनी, बिल पुरे होतं. आम्ही काय मोज्यांची पूजा करणार होतो?
जेवण गेलं नाही.

१० ऑगस्ट
बेहालाला जाऊन आले. माफी मागायचं ठरवून गेले होते. अनिमा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची आई उघड्या हातांनी तिची ओकारी पुसत होती. मी वाक्य जुळवत बसले. शेवटी अनिमानेच विचारलं, माशीमा, पास झालं? झालं म्हटलं. म्हणाली, मग आता पाकीट उघडायला हरकत नाही ना? आईला एक जोड द्या.
पाकीट नेलंच नव्हतं. पर्समध्ये मंजुरीचं पत्र होतं. तिला दाखवायला नेलेलं.