पडद्याच्या पलीकडचा हात

मी, परशुराम धाकलू कराळे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मूळ गाव पोशीर, हल्ली मुक्काम दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड (माझ्या तोंडी अजून कुलाबाच येते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. नजर अधू झाली आहे, बुद्धी नाही. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता आजही चालीवर म्हणतो. शंका असेल त्याने येऊन ऐकाव्यात.

कलम १. दहिवलीचे राहते घर व पोस्टातली शिल्लक चिरंजीव गजानन यास मिळावी. त्याची आई कै. बायजा हिने लावलेला मागचा फणस तोडू नये.

कलम २. माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत जपानी व हाँगकाँगच्या चित्रपटांच्या अडतीस जाहिराती आणि माझ्या दोन वह्या आहेत. गेल्या महिन्यात गजा म्हणाला, "बाबा, ते चिनी कागद चुलीत घालू का?"

"जपानी आहेत रे."

"जळायला सारखेच ना!"

तरी ट्रंक त्याच्या हाती देऊ नये. कर्जतच्या वाचनालयाने घेतली तर तिथे द्यावी.

सुट्टीच्या दिवशी मुंबईला जाऊन सकाळच्या खेळाला मी ही चित्रे पाहिली. समुद्रातून उठणारे डोंगराएवढे प्राणी पाहिले, झाडाच्या शेंड्यावरून उडत लढणारी माणसे पाहिली, आणि त्याची मला लाज नाही. पण जीव जडला तो तलवारवाल्यांवर. त्यांच्या मागे आमच्यासारखीच भातशेते असत, त्यांवरून वारा जाई. तलवार उपसण्याआधी तो माणूस थांबे. मंदाक्रांतेत यतीला थांबावे तसा. त्या थांबण्यात मला सगळी कविता सापडे. आमचे एक हेडमास्तर मला मारामारीमास्तर म्हणत. त्यांना माफ केले आहे, परंतु त्यांच्या नावे काही ठेवीत नाही.

कलम ३. फिरता सिनेमा दाखवणाऱ्या नागूच्या तंबूतला पांढरा पडदा व माझा पत्र्याचा भोंगा मुलगी शकू हिला द्यावा. ती चौक गावी दिलेली आहे. कारण सविस्तर लिहितो.

सन १९६२ च्या चैत्रात पोशीरच्या जत्रेला नागूने तंबू ठोकला आणि कुठून तरी तलवारवाल्याचे एक जपानी चित्र आणले. भाषा कोणाला कळणार? खाली इंग्रजी अक्षरे येत, ती वाचून मी भोंग्यातून मराठीत गोष्ट सांगे. पडदा तंबूच्या मधोमध असे. यंत्राच्या बाजूला पुरुष, पलीकडे बायका. पडदा पाण्याने भिजवला की पलीकडेही चित्र लख्ख उमटे.

शकू तेव्हा नऊ वर्षांची, माझ्याच वर्गात. ती डावरी. मी तिचा डावा हात रिबिनीने परकराच्या नाडीला बांधून तिला लिहायला बसवी. खेळ संपल्यावर ती आईच्या बाजूने धावत आली. हातात कारवीची काठी, डाव्या.

"बाबा, तो डावराच हाय! तलवार डाव्यानं मारतो. मंग मलाच का बांधता?"

"उजवा आहे तो. खोटं बोलू नकोस."

बायजा म्हणाली, "खोटं नाय वं. मीबी बगितला. डावराच."

दुसऱ्या दिवशी मी शकूला कान धरून पुरुषांच्या बाजूला नेले. तलवार निघाली, उजव्या हातात. मी भोंगा तोंडाला लावून विचारले, "आता सांग, कुठला हात?" सगळा तंबू हसला. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "तिकडं डावरा व्हता."

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशापुढे दाढी करताना वस्तरा मला डाव्या हातात दिसला. तेव्हा कळले. पडद्यामागून सगळे उलटे दिसणारच. माय-लेकींनी जे पाहिले तेच सांगितले होते. मी साबण पुसला आणि शाळेत गेलो. मास्तराने गावासमोर शब्द कसा मागे घ्यायचा? तो मी चोवीस वर्षे मागे घेतला नाही. शकूने डावा हात पुन्हा लिहायला उचलला नाही. उजव्याने अक्षर वळले नाही, सातवीला दोनदा नापास झाली. तिला शिक्षिका व्हायचे होते. बायजा जाईपर्यंत "डावराच" म्हणत राहिली आणि मी हसण्यावारी नेत राहिलो.

तोंडाने सांगता आले असते. तीनदा चौकला गेलो, चहा पिऊन परत आलो.

गेल्या दिवाळीत शकूची मुलगी जनी ओटीवर पाटी घेऊन बसली होती. खडू डाव्या हातात. शकूने त्या हातावर चापट मारली. मी म्हणालो, "राहू दे गं तिला."

"तुमीच दावलंत ना बाबा? उजवाच हात असतो म्हून. भोंग्यातनं."

सबब, माझ्या तेराव्याला पोशीरच्या जत्रेच्या माळावर गजाने त्याच भोंग्यातून हे कलम पूर्ण वाचावे. जे हसले त्यांतले बरेच अजून हयात आहेत. शकू, तू खरे बोललीस. मी चुकलो आणि चुकलो हे कळूनही गप्प राहिलो. तंबू बंद झाला तेव्हा नागूने पडदा मला दिला. त्याची गोधडी कर, त्यावर भात वाळव. मी काही सांगणार नाही.

कलम ४. पोशीरची अकरा गुंठे भातजमीन नात जनी हिला मिळावी. ती सज्ञान होईपर्यंत वहिवाट शकूने पाहावी. जनीचा कोणताही हात कोणी बांधू नये. गजाने या कलमास हरकत घेऊ नये. घेतल्यास फणस त्याचा नाही.

गेले तीन महिने मी पाटीवर डाव्या हाताने माझे नाव गिरवतो आहे. बोटे दुखतात. पहिलीतल्या पोराला शोभेल असे अक्षर येते. सरकारला जुनी सही लागते म्हणून ती आधी करतो, आणि खाली दुसरी.

मुक्काम दहिवली, दिनांक ११ मे १९८६.

सही: परशुराम धाकलू कराळे
सही, डाव्या हाताची: परशुराम धाकलू कराळे

साक्षीदार: मास्तरांनी वरील मजकूर आम्हांला वाचून दाखवला व आम्हां दोघांदेखत आधी उजव्या, मग डाव्या हाताने सही केली. दुसऱ्या सहीला फार वेळ लागला. आम्ही थांबलो.

१. पदू नामा भोईर, दहिवली
२. कान्हा गोमा ठोंबरे, पोशीर (त्या दिवशी तंबूत मीही हसलो होतो.)