खाईचा बुरूज

प्रिय ताई,

आधी चष्मा पूस आणि खिडकीपाशी बस, कारण हे पत्र लांबणार आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण फक्त गुडघ्यांबद्दल बोलतो. तुझा डावा, माझा उजवा. एवढं झालं की तू म्हणतेस, "बरं, ठेव आता, दूध उतू जाईल." गेली कित्येक वर्षं तुझं दूध उतू जातंय. म्हणून कागद घेतला. कागद मधेच ठेवून देता येत नाही, आणि दिलास तरी तो तिथंच पडून तुझी वाट बघेल.

बातमी अशी की मंगळवारी मी किल्ल्यावर जाऊन आलो. एकटा. एकशे त्रेचाळीस पायऱ्या, मधे तीनच वेळा बसलो, आणि त्यातलं एकदा तर नुसता समुद्र बघायला बसलो, ते दमण्यात धरू नकोस. चढताना आपली चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणत होतो, "एक पायरी, एक श्वास, वर वाऱ्याचा आहे वास." आठवतं? मी परीक्षेत अर्थ लिहिला होता की वर गेल्यावर वाऱ्याला वास येतो, म्हणून नाक धरून चढावे. वास म्हणजे वस्ती हे तू मला पट्टीनं शिकवलंस. तुझ्या पट्टीचा ताल अजून पायांत आहे बघ, नाहीतर बहात्तराव्या वर्षी हा चढ कुणाच्या बापाला जमतो! तरी खरं सांगायचं तर चुकलो मीच होतो, पण खाली मासळीचा बाजार भरलेला असला की माझा अर्थही बरोबर निघतो.

तू गेल्यापासून गावात फार बदललेलं नाही. तटाच्या आतल्या गल्ल्या तितक्याच अरुंद. समोरून हातगाडी आली की माणसानं कुणाच्या तरी घरात शिरायचं आणि शिरलोच आहोत तर पाणी पिऊन निघायचं. दोर वळणाऱ्याचं दुकान आहे, फक्त आता तो नायलॉनचे दोर विकतो आणि काथ्याचे हौशी लोकांना दाखवतो. आपल्या छापखान्याच्या जागी चष्म्याचं दुकान झालंय. मला ते योग्यच वाटलं. ज्या जागेनं इतक्यांचे डोळे घालवले, तिनं थोडे परत द्यावेत.

पण मी हवा खायला गेलो नव्हतो. दोन आठवड्यांपूर्वी किल्ल्याच्या कचेरीतून पत्र आलं. बाराही बुरुजांवर नवे दगडी फलक बसवायचे आहेत. अकरा कोरून तयार आहेत, आठव्यासाठी काम थांबलंय. तू लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत त्याचं नाव आहे "आईचा बुरूज", आणि नव्या साहेबांना एका जुन्या नकाशात तिथं "खाई" असा शब्द दिसला. साहेब काटेकोर आहेत. त्यांनी शोधून काढलं की पुस्तिका आमच्या छापखान्यात छापली, अक्षरांचे खिळे मी जुळवले, आणि छापखाना बंद झाला तेव्हा जुनी हस्तलिखितं मी घरी नेली. तेव्हा मूळ नाव कोणतं ते शुक्रवारपर्यंत लेखी कळवावं, ही विनंती. त्यांनी खाली हातानं एक ओळ लिहिली होती, की एकदा दगडात गेलं की झालं. आम्हा छापखान्यातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, ताई. कागदाला शुद्धिपत्र चिकटवता येतं, दगडाला नाही.

तुझं हस्तलिखित पत्र्याच्या पेटीत तळाशी होतं. निळी शाई, समासात मोजमापं, आणि आठव्या क्रमांकापुढे अगदी स्वच्छ अक्षरात, "खाईचा बुरूज. याच्या पायथ्याशी जमिनीकडची खाई सर्वांत खोल आहे." छापून आलेल्या याच ओळीवरून भर सभेत त्या विद्वान गृहस्थांनी पुस्तिका उंच धरली होती आणि म्हणाले होते, "बाईंनी खाईची आई केली!" सगळं सभागृह हसलं. तू ताठ उभी होतीस. मी मागच्या रांगेत होतो, मला तुझी फक्त पाठ दिसत होती. त्यानंतर तू किल्ल्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस, मोठं पुस्तक अर्ध्यात राहिलं, आणि दोन वर्षांत बदली मागून गाव सोडलंस. मला मात्र तू एका शब्दानं बोलली नाहीस. म्हणालीस, "वेंधळ्या आहे तो, जन्मापासून वेंधळ्या." मी सांगितलं होतं की जुळवलेल्या पानाचा फर्मा आवळताना चार खिळे निसटले, घाईत परत बसवताना हात चुकला. सगळ्यांना पटलं. स्वतःच्या लग्नात दोन वेगवेगळ्या चपला घालून गेलेल्या माणसाचं असलं सगळं पटतं.

तर मंगळवारी वर पोचलो, आणि आठव्या बुरुजावर गर्दी. तिथं एक गाईड आहे, पस्तिशीची बाई, पायात रबरी चपला, आवाज असा की गलबतावरून ऐकू यावा. ती सांगत होती की फार पूर्वी एक आई रोज इथं येऊन समुद्राकडे बघत बसायची, तिचं लेकरू जहाजावर गेलं होतं, म्हणून हा आईचा बुरूज. ताई, मी थक्क झालो. माझ्या हातून पडलेल्या एका अक्षरातून या बाईनं एक अख्खी आई उभी केली होती, पदर, अश्रू, सगळं व्यवस्थित! आणि गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "आता ज्यांची आई आहे त्यांनी फोन काढा. इथं रेंज चांगली येते." लोक हसले, आणि खरोखरच फोन काढू लागले. एक मिशाळ, दांडगा माणूस तटाकडे तोंड करून म्हणत होता, "काही नाही गं, असंच. नाही गं, पैसे नकोत. जेवलो गं. अगं, असंच केला." त्याचे कान लाल झाले होते.

गर्दी पांगल्यावर मी त्या बाईला म्हटलं की नाव चुकीचं आहे, खरं नाव खाईचा बुरूज. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "आजोबा, खाई बघून कुणी आईला फोन लावतं का?" मी म्हटलं, लावतील, जागेची सवय झाली की नावाचं अडत नाही. तर म्हणाली, "मग अडत नाही तर बदलता कशाला?" चाळीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द जुळवले, स्वतःचा ऐन वेळी सापडत नाही. तिच्याशेजारी पाथरवट बसला होता, आठव्या फलकाचा कोरा दगड मांडीशी घेऊन, काम नाही म्हणून छिन्नीला धार लावत. तो म्हणाला, "मला दोन्ही सारखंच. पण आई कोरताना हात हलका पडतो."

एक गोष्ट ऐकून तुला बरं वाटेल. साहेबांच्या माणसांनी यंत्र लावून खाई पुन्हा मोजली. तू दोराला गाठी मारून, गुडघाभर चिखलात उभी राहून बावीस फूट चार इंच लिहिलं होतंस. यंत्रानंही बावीस फूट चार इंचच म्हटलं. साहेब मला म्हणाले, "कोण होत्या हो या बाई?" मी म्हटलं, होत्या नाही, आहेत, आणि माझ्या सख्ख्या बहीण आहेत. असं म्हणताना माझी छाती किती फुगली असेल याचा अंदाज कर, त्याला दोर लागणार नाही.

मी त्यांच्या टेबलावर तुझं हस्तलिखित ठेवलं आणि तिथल्या तिथं लेखी दिलं की नाव खाईचा बुरूज, संशोधन तुझं, चूक माझी. फलकावर खाली तुझं नाव येणार आहे. पाथरवटानं माझ्यादेखत "खा" आखला. हे मी तुला न विचारता केलं, आणि बरोबर केलं. यात मला तिळमात्र शंका नाही.

आता चुकीबद्दल. साहेबांना मी नुसतं "चूक" लिहून दिलं, तुला मात्र खरं सांगायला हवं. खिळे निसटले नव्हते. शेवटचं प्रूफ तू वाचून दिलंस, त्यात "खाईचा" बरोबर होतं. तू गेल्यावर मी फर्मा पुन्हा सैल केला, चिमट्यानं "खा" काढला, "आ" बसवला आणि आवळून टाकला. आईला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मनात एकच होतं, की आई गेली त्या दिवशी तू खाईत उभी होतीस, तर आयुष्यभर तुला खाईच्या जागी आई दिसू दे. मी वेंधळा आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून माझ्यावर कुणाचा संशय आला नाही. वेंधळेपणाचा इतका चोख उपयोग मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही तुझ्यावर.

त्या दिवशी तू किल्ल्यावरून धावत आलीस तेव्हा सगळं संपलेलं होतं. ओला दोर खांद्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल. तू एकच विचारलंस, "माझं काही म्हणाली का?" मी म्हटलं, "दिवसभर दाराकडे डोळे लावून होती." खोटं नव्हतं ते. पण पुढचं मी गिळलं, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितोय, फलक हे निमित्त. ऐक. डॉक्टर सकाळी येऊन काळजीचं काही नाही म्हणून गेले होते. दुपारी तिला धाप लागली तेव्हा मी तुला आणायला चप्पल पायात घातली. आई म्हणाली, "काढ ती. वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी आहे आज, खाई आजच तळापर्यंत उघडी पडते. ती आली तर पाणी थांबणार आहे का? मोजून होऊ दे तिचं." मी दोनदा निघालो, दोनदा तिनं बसवलं. आपल्या दारातून गल्लीच्या टोकाला धक्क्याच्या पायऱ्या दिसतात ना, ती तिकडे बघत होती. तुझी वाट नव्हती बघत ती, ताई, तुझं पाणी राखत होती. दर थोड्या वेळानं विचारायची, "किती पायऱ्या उघड्या आहेत रे?" मी मोजून सांगायचो, सात, सात, सहा. पाणी पाचवीला लागलं तेव्हा म्हणाली, "झालं असेल आता तिचं," आणि डोळे मिटले. तिचं ऐकलं मी, आणि ऐकल्याचा राग काढला तुझ्यावर, चौतीस वर्षं. म्हणून फलकावर खाईच हवी. आईला तिचंच मोजमाप पुरं व्हायला हवं होतं. त्या गाईडबाईलाही मला ही खरी गोष्ट द्यायची आहे, तिच्या गोष्टीपेक्षा ती काही कमी नाही. पण गोष्ट तुझी आहे, आधी तू हो म्हण. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी तशीच मोठी ओहोटी आहे, त्या दिवशी फलक बसवणार आहेत. मी सकाळच्या गाडीला स्टेशनवर उभा असेन. तू येशील का असं विचारत नाही, डबा कितवा तेवढं कळव. पायऱ्या हळूहळू चढू, ताल तू धर. तुझा दोर माझ्याकडेच आहे, गाठी अजून सुटलेल्या नाहीत. आणि यंत्रावर माझा पूर्ण विश्वास नाही, तेव्हा एकदा पुन्हा मोजू. या खेपेस वरून पाण्यावर नजर मी ठेवतो.

तुझाच,
वेंधळ्या
(आता चपला बघून घालतो.)