सात नंबरचा शिक्का

१४ मार्च
सात! त्या सात नंबरवाल्याच्या डब्यातल्या आंबवलेल्या शेंगा चिनलानने स्वतःच्या काड्यांनी उचलून खाल्ल्या. सगळ्यांसमोर! माझ्या डब्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

सात म्हणजे थान देशंग. शेजारच्या टेबलावर माझ्यासारखीच उजेडाच्या पाट्यांची दुरुस्ती करतो. त्याच्या बापाने आणि चिनलानच्या बापाने तिकडे गावी हुनानात बसून दोघांची सोयरीक ठरवली आहे. म्हणून काय लगेच शेंगा खायच्या?

१५ मार्च
"ए कॉलेज! पाटी आहे ती, तव्यावरचं घावन नाही! सोल्डर टेकवू नको म्हणून किती वेळा सांगू?" — ल्याव मास्तर.

रागाच्या भरात तापलं टोक टेकवलं आणि उजेडाची पाटी सुरकुतली. जाड कागदाएवढी तर असते, वीज दिली की अख्खी उजळते. तिला तार जोडायची म्हणजे मागचं प्लॅस्टिक खरवडायचं, चांदीचा लेप लावायचा, दातांची क्लिप आरपार दाबून दात मुडपायचे, भट्टीत वाळवायचं, मग कापलेली कड पट्टीने बंद करायची. शेवटी मागे आपल्या नंबरचा शिक्का. माझा बारा. माकडसुद्धा शिकेल. दुसऱ्या वर्षाला सरांच्या अंगावर मीटर फेकला नसता, तर मी आज इंजिनियर असतो!

देशंग म्हणतो, "भाऊ, दे ती इकडे. मी करतो नीट." दया दाखवतो. मला!

१८ मार्च
भिंतींना घाम फुटलाय. फरशी ओली, गादी ओली, विजार ओली. शेन्झेनला दर वर्षी हे दमट वारं परत येतं. मास्तर म्हणाले, या दिवसांत कड केसभर उघडी राहिली तरी पाटी पंधरा दिवसांत काळी पडते.

पंधरा दिवस.

१९ मार्च
अंधाऱ्या खोलीत गेलो होतो, पाट्या द्यायला. तिथे चिनलान एकेक पाटी पेटवून तपासते. त्या हिरव्या-निळ्या उजेडात तिचा गळा — नाही लिहीत.

म्हणाली, "तुझी पाटी मी शंभरांत ओळखते. तू डावरा. सगळ्यांच्या क्लिपचे दात डावीकडे मुडपलेले, तुझे एकट्याचे उजवीकडे." आणि हसली!

शंभरांत ओळखते! मला!

२० मार्च
केलं.

सहा पाट्या. भट्टी नाही. कडेची पट्टी नुसती चिकटल्यासारखी दाखवलेली. आणि मागे शिक्का बारा नाही — सात! देशंग गरम पाणी आणायला गेला की शिक्का टेबलावरच टाकून जातो, बावळट.

सहाही तिने पास केल्या. उजेड तर झकास पडत होता.

२२ मार्च
आणखी पाच.

६ एप्रिल
गिऱ्हाइकांकडून परत आल्या! अकराच्या अकरा! चाई पडलेल्या डोक्यासारखे डाग.

इथला कायदा असा — ज्याची पाटी डागाळून परत आली त्याने ती गळ्यात अडकवायची, पेटती, आणि जेवणाच्या सुट्टीत बाकावर उभं राहायचं. कुआंग मालकीणबाईंनी देशंगला चढवलं. "प्लग कोण लावणार?" मी हात वर केला.

"बाई, मी कड बंद केली होती. खरंच."
"मग काय उंदरांनी उघडली?"

हशा! उघडी कड मानेला लागली की वीज चावते. मरत नाही माणूस, पण उडतो. देशंग उडाला. मोजलं मी — नऊ वेळा. "बेडूक!" मी ओरडलो. मग सगळे, "बेडूक! बेडूक!" ल्याव मास्तर तेवढे डबा झाकून बाहेर गेले.

चिनलानने ताटातून मान वर केली नाही. रडत असणार. रडू दे. मी आहे ना!

८ एप्रिल
हाकललं देशंगला. वळकटी बांधून माझ्या टेबलाशी आला. वाटलं, कळलं याला! मी पाना धरला हातात. तर त्याने आपली चिमटा-पक्कड पुढे केली. "भाऊ, मूठ घासलीय हिची. डाव्या हाताला बरी पडेल. कधीची द्यायची होती."

मानेवर लाल चट्टे.

पक्कड घेतली. चांगली आहे. का नाही घ्यायची?

९ एप्रिल
चिनलानच्या बापाचा फोन. तिने सगळ्यांदेखत घेतला. फोनमधून आवाज बाहेर येत होता — "कामावरून हाकललेल्याच्या घरात माझी पोरगी जायची नाही! मोडलं समज!"

ती, "बरं बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

मग दोन वाट्या शेवया खाल्ल्या, वर मिरची मागून घेतली. दुःखात माणसाला भूक लागते म्हणतात.

१० एप्रिल
सांगितलं! सगळं सांगितलं. अंधाऱ्या खोलीत, दार लावून. शिक्का, कड, अकरा पाट्या. "तुझ्यासाठी केलं, चिनलान!"

तिने एक पाटी पेटवली, विझवली. म्हणाली, "एवढं केलंस?"

"याच्या दुप्पट करीन!"

"उद्या जेवणाच्या सुट्टीत ये. तेव्हा सांगते."

उद्या! पांढरा सदरा धुवून टाकलाय. या हवेत वाळायचा नाही. ओलाच घालीन!

११ एप्रिल
पांढऱ्या सदऱ्यावर पाटी अडकवली. बाकावर मी. अकराही क्लिपांचे दात चिनलानने मालकीणबाईंना एकेक करून दाखवले होते — सगळे उजवीकडे.

"बेडूक!" कोणीतरी सुरुवात केली.

ती प्लग घेऊन वाकली. माझ्या कानाशी म्हणाली, "पहिल्या सहांपासून माहीत होतं. मला तो नकोच होता. आता तूही नको."

आणि प्लग लावला.