न उचललेले सात फोन

घाटनांदूर,
९ नोव्हेंबर २०२५

वहिनींना सप्रेम जयभीम.

दोन वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. आम्ही बरे आहोत. चैतालीची सहामाही झाली. माझे कॉलेजातले इंग्रजीचे तास चालू आहेत.

मागच्या आठवड्यात चैतालीची मैत्रीण एकाएकी बोलेनाशी झाली. मेसेजला उत्तर नाही, काही नाही. "तिनं मला घोस्ट केलं," चैताली म्हणाली. घोस्ट म्हणजे भूत, ते 'करतात' कसं, म्हणून मी शब्दकोश काढून बसले. क्रियापद जुनंच निघालं. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घाबरवणं. पुढे झपाटणं, पाठ न सोडणं. आताच्या पोरांनी तो उलटा केला: काही न सांगता माणसाच्या आयुष्यातून नाहीसं होणं. मी कौतुकानं वाचून दाखवत होते.

"मग मामीला तू तेच केलंस की," ती म्हणाली.

मोठ्यांचं वेगळं असतं, असं मी म्हणाले. ते खरं नाही. तुम्ही सात वेळा फोन केलात. मी उचलला नाही, कारण तुम्ही काय विचारणार ते मला माहीत होतं.

विहारातल्या बैठकीत तुमच्या आणि जालिंदरदादाच्या फारकतीचा कागद मी लिहिला. शिकलेली, अक्षर चांगलं, म्हणून असे कागद माझ्याकडेच येतात. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हे मारत्यात म्हणून मी चालले. एवढं लिवा." अंगदमामा म्हणाले, घरातलं कागदावर कशाला. आई माझ्याकडे बघत राहिली. मी लिहिलं, 'परस्पर संमतीने, कुणाची तक्रार नाही.' तुम्ही न वाचता सही केलीत. वनितानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असंल, म्हणालात.

आता तुम्ही लेकीच्या ताब्यासाठी दावा केलाय आणि जालिंदरदादानं तोच कागद कोर्टात लावलाय, हे मला परवा कळलं. तुम्ही काय म्हणाला होतात आणि मी काय गाळलं, हे मी तुमच्या वकिलांना लिहून देणार आहे. आईला आज सांगितलं. ती उठून आत गेली. मी हे तुमच्यासाठी करते की स्वतःला बरं वाटावं म्हणून, ते मला नक्की सांगता येत नाही.

फोन करणार असाल तर उचलेन.

तुमची नणंद म्हणवून घ्यावं की नाही, ते तुम्ही ठरवा.
वनिता

ता. क. उद्या पहिल्या गाडीने अंबाजोगाईला जाते, तुमच्या वकिलांकडे जबाब द्यायला.