दर सतरा मिनिटांनी

३ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. हातानं लिहिलेलं पत्र बघून हसू नकोस. घरातला कॉम्प्युटर आम्ही आठ दिवस बंद ठेवलाय, आणि हा विषय मी फोनवर काढला की बिट्टी उठून जाते.

तुझ्या भाचीला घाणेरड्या मेल येतायत. ज्याला तिनं लग्नाला नकार दिला त्याचंच हे काम, असं ती म्हणते, पण पुरावा नाही. पाठवणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळं. कधी तिच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांचं, कधी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं, परवा तर चक्क तुझं. एक पत्ता बंद केला की दुसऱ्यावरून हजर. सकाळी नऊला सुरू, मग दर सतरा मिनिटांनी एक. ती घड्याळाकडे बघत बसते. साहेबांची खरी मेलही तिनं न उघडता पुसून टाकली आणि बोलणी खाल्ली. आता नोकरी सोडते म्हणते.

माझा रेडिओ खोलून ठेवलास म्हणून तुला बडवला होता, ते सगळं माफ. विद्या पणाला लाव आणि ह्या मेल्याला शोधून काढ. जीव टांगणीला लागलाय, उत्तराला उशीर करू नकोस.
तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र चारदा लिहिलं, चारदा फाडलं. सतरा मिनिटं हा आकडा माझा आहे.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक तरुण आला. नीटनेटका, बोलायला गोड. बिट्टीनं नाकारलेल्या मुलाला मी कधी पाहिलं नव्हतं. मंडळाच्या सभेच्या सूचना लोकांपर्यंत पोचत नाहीत, म्हणाला. दर सतरा मिनिटांनी आपोआप मेल पाठवत राहील असा प्रोग्राम मी करून दिला आणि स्वतःवरच खूश झालो. जाताना त्यानं विचारलं, की समोरच्यानं पत्ता बंद केला तरी जाईल ना. सभेची सूचना कोण बंद करतं, ताई? हे तेव्हाच डोक्यात आलं होतं. पण तो माझ्या हुशारीचं कौतुक करत होता. मी जाईल म्हणालो, आणि पाठवणाऱ्याचं नाव बदलायची सोयही दाखवली, त्यानं न मागता.

काल पोलिसांना त्याचा नंबर आणि प्रोग्रामची प्रत दिली. तुम्हाला शंका नाही आली का, असं तिथल्या साहेबांनी विचारलं. आली होती, असंच लिहून घ्या म्हटलं.

हे बिट्टीला दाखव. मला तोंड दाखवायला जागा नाही. शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची सवय आहे, आज हात उचलवत नाही.
तुझा,
धाकटा

१६ मार्च

चि. खटपट्यास,
आशीर्वाद. पोलिसांनी त्याला उचललं, मेल थांबल्या. बिट्टीनं राजीनामा मात्र दिलाच. नऊ वाजले की अजून घड्याळाकडे बघते. माझा मामा काय वाट्टेल ते करू शकतो, असं तिनंच पूर्वी कौतुकानं त्या मुलाला सांगितलं होतं.

तुझा फार राग आला. दोन दिवस तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. लोभाचं तू लिहिलं नाहीस, मीही इतक्यात लिहीत नाही.

काल पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, उलटसुलट करून पाहिलं, पाकीट उजेडात धरलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, की हेही त्यानंच मामाच्या नावानं लिहिलंय, मामा असं करणार नाही. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. अक्षर तुझंच आहे, हे मला तिला सांगावं लागलं.
ताई